गाडी सिग्नलला बंद पडते? आधी गॅरेजचे दार उघडा

मंडळी, कार्ब्युरेटरच्या गाड्या आता हौसेपुरत्याच उरल्या. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण आपल्यातल्या एका कुटुंबाने नुकतीच अशी जुनी गाडी घेतली आहे व ती सिग्नलला बंद पडते, म्हणून अनुभवाचे चार शब्द.

१९९३ साली आम्ही डँडेनॉन्गला आलो, तेव्हा आमची पहिली सेकंडहँड गाडी अशीच होती. जुलैची थंडी, प्रिन्सेस हायवे, आणि दर सिग्नलला इंजिन हुंदके देऊन गप्प! शेजारचे ग्रीक आजोबा इथल्या होल्डनच्या कारखान्यात (सुरुवात १९५६) काम केलेले. त्यांनी शिकवलेली रीत अशी:

१) गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. एअर फिल्टर स्वच्छ आहे ना, व्हॅक्यूमच्या नळ्या फाटलेल्या नाहीत ना, हे पाहा.

२) थ्रॉटलच्या स्क्रूने आयडलिंगचा वेग मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा.

३) मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा आत पिळा. पेट्रोल कमी पडून इंजिन अडखळेल. मग हळूहळू बाहेर काढा. जिथे इंजिन सर्वांत वेगाने आणि एकसारखे चालेल, तिथे थांबा.

४) वेग वाढला असेल तर थ्रॉटलच्या स्क्रूने कमी करा व पुन्हा एकदा तपासा.

मिक्श्चरचा स्क्रू तळाशी आवळू नका, टोक खराब होते. एसयू जातीच्या कार्ब्युरेटरची रचना निराळी, त्याला ही रीत चालणार नाही.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली की काळा धूर, पेट्रोल वाया, आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त.

तोच मला भोवला. थंडी म्हणून गॅरेजचे दार खाली ओढून मी स्क्रू पिळत बसलो. डोके दुखू लागले, मळमळले. वाटले, रात्रपाळीचा शीण असेल. सौ. चहा घेऊन आली आणि तिने आधी दार वर केले, म्हणून आज हे लिहितो आहे. ह्या वायूला ना रंग, ना वास.

तेव्हा काम जरूर स्वतः करा, पण गाडी बाहेर ड्राइव्हवेवर काढून. थंडी वाजली तर स्वेटर घाला. तरीही जमले नाही, तर पुढच्या कार्यक्रमाला गाडी घेऊन या, मिळून बोनेट उघडू.