टीव्हीवरचे झाड कोणते?

मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांतली झाडे बोलतात, हसतात, पाने हलवून टाटाही करतात. मोठी माणसे त्यांच्याकडे पाहतात न पाहतात. पण मूल मध्येच विचारते, "हे कुठलं झाड?" आणि घरातल्या साऱ्यांची पंचाईत होते. आमच्याकडे त्याचा आता खेळच झाला आहे. बाहुली पाहायची आणि तिच्यामागचे खरे झाड ओळखायचे.

या खेळातले एक जुने कोडे विलायतेतले. बीबीसीने १९५२ साली 'फ्लॉवर पॉट मेन' ही बाहुल्यांची मालिका सुरू केली. बिल आणि बेन हे कुंड्यांचे बनलेले दोन गडी आणि त्यांच्या मधोमध उगवलेली हसऱ्या चेहऱ्याची 'लिटल वीड', म्हणजे छोटेसे तण. तिला कुणी सूर्यफूल म्हणते, कुणी डँडेलियन. माझे मत असे की अशा वेळी चेहरा सोडून देठ पाहावा. डँडेलियनची सगळी पाने जमिनीलगत असतात, फुलाचा दांडा उघडाबोडका आणि पोकळ. सूर्यफुलाच्या दांड्याला मात्र वरपर्यंत पाने. तेव्हा बाहुलीच्या देठाला पानांचे हात फुटलेले असतील, तर ती डँडेलियन कशी असेल? फुलाला डोळे-तोंड लावले की त्याचे रूप बदलते. पान त्या मानाने प्रामाणिक राहते.

घरातल्या कुंड्यांनाही हाच नियम लावावा. भल्यामोठ्या पानाला भोके पडलेली दिसली की तो मॉन्स्टेरा, मूळचा मेक्सिकोकडचा. हृदयाच्या आकाराच्या पानावर पिवळे शिंतोडे असले की मनी प्लँट. हा आपल्याकडे आला पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरून. कार्यक्रमात त्याला फूल दाखवले तर खुशाल हसावे, कारण मनी प्लँट जवळजवळ कधीच फुलत नाही. तलवारीसारखी उभी पाने असतील तर कडा पाहा. काटेरी असली तर कोरफड, गुळगुळीत असली तर स्नेक प्लँट.

मुले हे झटकन शिकतात. मला बोचते ते पुढचे. मेक्सिकोचे पान ओळखणाऱ्या मुलाला आपल्याच गच्चीच्या कठड्यातून डोकावणारा पिंपळ मात्र नुसते तण वाटतो. भिंतीला धोका म्हणून तो काढावा लागतो हे खरे. पण निदान त्याचे नाव तरी विचारून काढावा!

हे वाईट अधिक वाटते, कारण आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच हा खेळ कोणीतरी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी रंगवून ठेवला आहे. अजिंठ्याच्या बाविसाव्या लेण्यात सात मानुषी बुद्ध आणि भावी बुद्ध मैत्रेय ओळीने रंगवले आहेत. प्रत्येक जण आपापल्या बोधिवृक्षाखाली, आणि खाली त्याचे नाव. पाली परंपरेने या सात बुद्धांचे वृक्ष ठरवून दिले आहेत. विपश्यीचा पाडळ, शिखीचा पुंडरीक, विश्वभूचा साल, क्रकुच्छंदाचा शिरीष, कनकमुनीचा उंबर, काश्यपाचा वड आणि गौतमाचा पिंपळ. बुद्धांची नावे लिहिणाऱ्या त्या चित्रकाराला झाडांची नावे लिहायची गरज वाटली नसावी. पाहणाऱ्याला झाड ठाऊक असणार, हे त्याने गृहीत धरले असेल.

आज ते गृहीत धरता येईल का? या सातांपैकी चार झाडे आपल्याला शोधायला अवघड नाहीत. पिंपळाच्या पानाला लांब शेपटीसारखे टोक असते. वडाच्या पारंब्या पोरांना सांगाव्या लागत नाहीत. उंबराची फळे थेट खोडाला लगडतात. शिरीषाची पाने बारीक बारीक पानांच्या जोड्यांची, आणि वाळलेल्या चपट्या शेंगा उन्हाळ्याच्या वाऱ्यात खुळखुळतात.

मुलांचा टीव्ही बंद करा, असे मी म्हणणार नाही. डोळ्याला पान पाहायची सवय लागते, हा त्याचा मोठाच फायदा. त्याच सवयीने एखाद्या रविवारी ही चार झाडे हिंडून पाहावीत, पडलेले एकेक पान वहीत ठेवावे. मग कधी अजिंठ्याला गेलात, तर त्या ओळीतले चार बुद्ध मुलाला नुसत्या झाडावरून नावानिशी सांगता येतील.