माढा तालुका: अप-डाऊनवाल्यांचं राज्य

लोकसभेची निवडणूक लागली की उभ्या महाराष्ट्राला माढा आठवतो. निकाल लागला की टीव्हीवाले गाशा गुंडाळतात आणि पाच वर्षं कोणी नाव काढत नाही. सोलापूर जिल्ह्यातला हा तालुका तोवर आपल्या कामाला लागलेला असतो. काम म्हणजे काय, तर ये-जा! मास्तर बार्शीहून माढ्याला येतात, माढ्याची पोरं कॉलेजला सोलापूर गाठतात, कारकून कुर्डुवाडीला गाडी बदलतात. पाठीला सॅक, सॅकमध्ये डबा, खिशात पास. बरं, माणसंच फिरतात असंही नाही. इथलं पाणी फिरतं, केळी फिरतात, खासदार फिरतात. त्या भटकंतीतल्या या काही गमती.

१. मान एकाकडे, जंक्शन दुसऱ्याकडे
तहसील कचेरी माढ्यात, पण चार दिशांच्या गाड्या धरायच्या तर कुर्डुवाडी. पुणे, सोलापूर, लातूर आणि मिरज अशा चारही बाजूंचे रूळ तिथं भेटतात. माढ्यालाही स्टेशन आहे, सोलापूरच्या वाटेवर. पण बहुतेक एक्स्प्रेस तिथून शिट्टी मारत पुढं जातात, थांबते ती पॅसेंजर. कुर्डुवाडीत नगरपरिषद आहे, माढ्याची ग्रामपंचायत मात्र अलीकडच्या दशकात नगरपंचायत झाली. म्हणजे थोरली मागून शहर झाली आणि धाकटी आधीच होऊन बसली होती.

२. स्टेशन इथं, नाव तिकडचं
कुर्डुवाडीचं जुनं नाव ‘बार्शी रोड’. बार्शी तिथून चांगली तीस-पस्तीस किलोमीटर दूर! एकोणिसाव्या शतकात मुंबईकडून आलेली मोठी रेल्वे बार्शीला टाळून गेली. त्या काळी बार्शी ही कापसाची आणि धान्याची भरभक्कम पेठ, म्हणून नाव तिचं दिलं. उतरल्यावर पुढं बैलगाडी! हे अंतर सांधायला १८९७ मध्ये अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे धावू लागली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. तिकडं वारकरी, इकडं व्यापारी, दोघांचीही सोय. १९५४ मध्ये ती सरकारनं विकत घेतली आणि २००० नंतरच्या दशकभरात टप्प्याटप्प्यानं तिचे रूळ रुंद झाले.

३. रेल्वेवाल्याचं पॅराशूट
ही छोटी गाडी आखली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं. त्याची युक्ती साधी होती: इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. भार सगळीकडं सारखा वाटला की हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल ओढता येतो. पण साहेबांची गाडी रुळांवर थांबली नाही. रोल्स-रॉइसमधले चार्ल्स रोल्स हे त्याचे मित्र. १९१० मध्ये विमान कोसळून रोल्स गेले आणि कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागं लागला. ‘गार्डियन एंजल’ नावाचं त्याचं पॅराशूट पहिल्या महायुद्धात वापरलंही गेलं. कुर्डुवाडीच्या फलाटावर गाडीची वाट बघत बसलात, तर शेजारच्याला हा किस्सा जरूर ऐकवा. गाडी येईपर्यंत वेळ चांगला जातो.

४. शून्याच्या खाली जाणारं धरण
भीमेवरचं उजनी धरण ज्या गावावरून ओळखलं जातं, ते उजनी माढा तालुक्यातलं. धरण १९८० मध्ये पुरं झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे कोयनेच्या १०५ टीएमसीपेक्षाही जास्त. मेख पुढं आहे. यातलं जवळपास ६४ टीएमसी पाणी मृतसाठ्यात मोडतं. टक्केवारी मोजायची ती त्याच्या वरच्या पाण्याची. म्हणून उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरलं की पेपरात ‘उजनी वजा’ असा मथळा येतो, नवखा माणूस चक्रावतो आणि धरणात मात्र डोळ्यांना समुद्र दिसत असतो. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. धरण तुडुंब भरलं की टक्केवारी शंभराच्याही पुढं पळते. आणखी एक गंमत: माढ्यात ढग नसला तरी उजनी भरू शकते. पाऊस पुण्याकडच्या घाटात पडतो आणि पाणी भीमेतून चालत इकडं येतं. इथंही ते बसून राहत नाही. बोगद्यातून सीना नदीकडं जातं, पाइपातून सोलापूरला जातं आणि आषाढीला नदीतून पंढरपूरच्या वाळवंटात वारकऱ्यांच्या आंघोळीला हजर होतं.

५. मतदारसंघ माढा, मुक्काम दुसरीकडं
माढा लोकसभा मतदारसंघ २००९ मध्ये पहिल्यांदा मैदानात आला. पहिले खासदार शरद पवार, बारामतीचे. २०१४ मध्ये विजयसिंह मोहिते-पाटील, अकलूजचे. २०१९ मध्ये रणजितसिंह नाईक-निंबाळकर, फलटणचे. २०२४ मध्ये धैर्यशील मोहिते-पाटील, पुन्हा अकलूजचे. चार निवडणुका झाल्या, माढा तालुक्यातला गडी एकदाही दिल्लीला गेला नाही. मतदारसंघच असा पसरलाय की साताऱ्याचे फलटण आणि माणसुद्धा त्यात येतात. नाव आमचं, गाडी तुमची!

६. परितेवाडीची शाळा थेट लंडनला
डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ लंडनमध्ये जाहीर झाला. मिळाला कोणाला? माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना. पुस्तकात क्यूआर कोड छापायचा, मोबाइल धरला की धडा बोलायला लागतो, कविता ऐकू येते, ही त्यांची करामत. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. वाडीच्या शाळेतून निघालेले पैसे असे कुठल्या कुठल्या देशांत पोचले.

७. साहेबांचं गाव
उपळाई बुद्रुक हे गाव स्पर्धा परीक्षेच्या पोरांना तोंडपाठ. गावानं एकामागून एक अधिकारी दिले. इथल्याच रोहिणी भाजीभाकरे आयएएस होऊन तमिळनाडूत गेल्या आणि २०१७ मध्ये सेलमच्या पहिल्या महिला जिल्हाधिकारी झाल्या. पारावर बसून ‘आमच्या गावची पोरगी कलेक्टर’ म्हणायला छाती जरा रुंदच होते.

८. किल्ला आहे, चढ नाही
गड म्हटला की आधी धाप आठवते. माढ्यात ती भीती नाही, कारण किल्ला भुईकोट, सरळ जमिनीवर. रावरंभा निंबाळकरांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. करमाळ्याचं कमलाभवानीचं देऊळही त्यांचंच. माढ्याची ग्रामदेवता माढेश्वरी. गाव सोडून गेलेली मंडळी नवरात्रात तिच्यापायी परत येतात, आणि एरवी रिकामी दिसणारी घरं दहा दिवस गजबजतात.

९. टेंभुर्णी: हायवेचा गल्ला
पुणे-सोलापूर महामार्गावरची टेंभुर्णी म्हणजे तालुक्याची धावती पेठ. एसटी, ट्रॅव्हल्स, ट्रक, सगळे इथं टेकतात. एमआयडीसी आहे. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्ता अडवते, कारण तालुक्यात पिंपळनेरला विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना आहे. शेजारच्या करमाळ्यातल्या कंदरपासून इथपर्यंतच्या पट्ट्यातली केळी खोक्यात बसून आखाती देशांत जातात. पासपोर्ट नसलेल्या शेतकऱ्याचा माल दुबई बघून येतो.

१०. आणि एक गडी जागचा हललाच नाही
सगळा तालुका पळत असताना एक माणूस मळा सोडायला तयार नव्हता. अरणचे संत सावता माळी. पंढरपूर इतकं जवळ, तरी ते वारीला गेले नाहीत, अशी परंपरा सांगते. मळ्यातली भाजी, पाण्याची मोट यांतच त्यांना विठ्ठल दिसत होता. १२९५ मध्ये आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी समाधी घेतली. आता खरी गंमत. बाकीच्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, सावतोबांसाठी मात्र पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला येते. जो गेला नाही, त्याला भेटायला देव आला. आषाढीची गर्दी ओसरली की हा सोहळा होतो आणि श्रीफळ हंडी फुटते. ज्या तालुक्यात सगळे अप-डाऊन करतात, तिथं देवानंही ते केलं तर नवल कसलं?

जायचंय?
रेल्वेनं कुर्डुवाडीला उतरा, पुढं एसटी मिळते. पुण्याहून रस्त्यानं येत असाल तर टेंभुर्णीनंतर मोडनिंबच्या अलीकडं अरणचा फाटा लागतो. उजनी पावसाळ्याच्या शेवटी बघा, अरणची यात्रा आषाढ वद्यात गाठा. आणि सकाळच्या पॅसेंजरला खिडकीची जागा धरून ठेवलेली दिसली तर वाद घालू नका. तिथं बसणारे रोजचे पासवाले आहेत, तुम्ही पाहुणे!