जुने उस्ताद, नवे ड्रायव्हर : चांद्याच्या रस्त्यावरून



गेल्या हंगामात कालव्याच्या वळणावर रात्री दोन वाजता उसाने भरलेला एक ट्रक कलंडला, हे आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. ड्रायव्हर चोवीस वर्षांचा. पाय मोडला, पण जीव वाचला. ऊस मात्र दोन दिवस चारीत पडून वाळला. पुढे वाहतूकदारांची बैठक झाली, तेव्हा जो तो एकच बोलत होता : "आजकालच्या पोरांना स्टिअरिंग धरता येतं, गाडी चालवता येत नाही." आम्हीही माना डोलावल्या होत्या.

हंगाम संपला की आपल्याकडच्या काही सभासदांच्या गाड्या कोळशाच्या भाड्याला चंद्रपूरकडे जातात. त्यांतल्याच एका गाडीत बसून आम्ही उन्हाळ्यात तिकडे गेलो नि चार दिवस राहिलो. आपल्याकडे ड्रायव्हरचे काम म्हणजे हंगामापुरते. तिकडे मात्र गाडीवर पिढ्या गेल्या आहेत. तेव्हा जुन्यांत नि नव्यांत फरक काय, तो तिथे नीट पाहावा असा विचार.

जुनी माणसे अजून त्या मुलखाला चांदाच म्हणतात. गडचिरोली हा त्यातलाच भाग. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो वेगळा जिल्हा झाला. एवढा मोठा जिल्हा, पण वर्षानुवर्षे रेल्वेचे स्टेशन एकच, वडशाचे. त्यामुळे जंगलातून जे बाहेर पडायचे ते ट्रकने. आलापल्लीचे सागवान बल्लारशाच्या डेपोवर, बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्यात, उन्हाळ्यात तेंदूपानाची पोती. कमलापूरच्या रानात लाकूड ओढायला हत्ती असत. पुढचे काम गाडीचे.

आष्टीच्या अलीकडे एका ढाब्यावर आम्हाला एक उस्ताद भेटले. वय सत्तरीच्या पुढे, गाडी सोडून दहा वर्षे झालेली, तरी रोज संध्याकाळी ढाब्यावर येऊन बसायचे. रस्त्याने ट्रक गेला की बोलणे थांबवून कान देत. "आयका, याची मागची पाटी ढिल्ली आहे," असे म्हणत, आणि खरेच पुढे जाऊन तो ट्रक थांबलेला दिसे.

ते सहा वर्षे क्लीनर होते. "पयले वर्षभर तं चाकामागं गोटा लावाचंच काम होतं," ते म्हणाले. "मंग हातोडी मारून टायरची हवा ओळखाचं. स्टिअरिंगले हात लावला तिसऱ्या वर्षी, तेही रिकाम्या गाडीत." नाल्याला पाणी असले की क्लीनरने आधी पाण्यात उतरायचे, काठीने तळ पाहायचा, मगच उस्ताद गाडी घालणार. पाणी जास्त असेल तर अलीकडेच मुक्काम. दोन दिवस लागोत की चार. भात शिजवायचा, वाट पाहायची. जंगल नाक्यावर वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, दाखवायची. लाकडावरची हातोड्याची खूण आणि कागद जुळला नाही तर गाडी तिथेच.

(टीपीवरून एक गोष्ट आठवली. धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या टीपीचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आले. आपल्याकडे ऊस सभासदाचा पण तोडीची चिठ्ठी कारखान्याची. तिथे बांबूही गावाचा नि चिठ्ठीही गावाची. असो.)

दुसऱ्या दिवशी त्याच ढाब्यावर चामोर्शीकडचा एक तरुण आला. वय सव्वीस, सुरजागडच्या लोहखनिजाची बारा चाकी गाडी. उस्तादांना तो काका म्हणतो. सुरजागडच्या खाणीवर डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी पंचाहत्तरहून अधिक गाड्या जाळल्या होत्या. तरी त्याच भाड्यावर आज ही पोरे आहेत, कारण घराजवळ दुसरे काम नाही.

त्याने आम्हाला केबिनमध्ये बसवले. पॉवर स्टिअरिंग, बोटाने फिरणारे. नव्या ट्रकला १ ऑक्टोबर २०२५ पासून एसी केबिन सक्तीची झाली, पण ही गाडी त्याआधीची. चंद्रपूरच्या मे महिन्यात त्या काचेमागे बसून पाहावे! १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा इंजिने आली, त्यांना डिझेलखेरीज युरियाचे पाणीही लागते. (आपल्या उसाप्रमाणे गाडीलाही युरिया, म्हणून आम्ही हसलो.) इंजिनात बिघाड झाला की समोर दिवा लागतो आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत हात लावायचा नाही. "उघडलं का वॉरंटी गेली," पोरगा म्हणाला. "काकाचा जमाना पान्याचा होता, आमचा फोनचा आहे. पाच मिनिटं गाडी उभी राह्यली तं मालकाचा फोन येते, कायले थांबला?"

पैसे फेरीवर. जास्त फेऱ्या, जास्त पैसे. घरी गाडीचा नसला तरी बहिणीच्या लग्नाचा हप्ता आहेच. शेजारच्या जागेवर पाण्याची बाटली, चादर आणि टिफिन. क्लीनर का नाही, असे विचारले तर म्हणाला, "त्याचा पगार कोन देईल? मालक म्हन्ते, नवीन गाडीले क्लीनर लागतच नाही."

आम्हाला वाटले, आता उस्ताद पोराला चार शब्द सुनावणार. ते म्हणाले, "पोट्टे वाईट नाही. आमी बी रातभर चालवत होतो. पन मले झोप आली का क्लीनर चिमटा काढे. याले कोन काढीन?"

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात, तो २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत, दिवसाला आठ तासांचे काम लिहिले होते. त्या ढाब्यावर हे सांगितले, तेव्हा दोघेही एकाच वेळी हसले. एकमत आणखी एका गोष्टीवर होते. अपघातानंतर खबर न देता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या कलमाविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये गाड्या थांबल्या होत्या. ऐन गळितात पंपांवर लागलेल्या रांगा आपण विसरलो नसू. पुढे १ जुलै २०२४ रोजी नवा कायदा लागू झाला, पण ते पोटकलम बाजूला ठेवून. जमावाची भीती म्हाताऱ्यालाही आहे नि पोरालाही.

पोराची काळजी मात्र निराळी. जुलै २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी नळवाहिनी सुरू झाली. खनिज दळून, पाण्यात कालवून नळातूनच कारखान्यात जाते. "काकाले जंगल बंद झाल्यावर कोळसा भेटला," तो म्हणाला. "मले काय भेटन?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

परत आल्यावर आम्ही गाडीतळाची नोंदवही काढली. वळणावर कलंडलेला तो ट्रक आदल्या खेपेला संध्याकाळी सात वाजता आपल्या तळावर आला होता. गव्हाणीत रिकामा झाला दुसऱ्या दिवशी दुपारी एकला. अठरा तास. रांग अर्ध्या अर्ध्या तासाने पुढे सरकते, त्यामुळे एकट्या माणसाला डोळा लावता येत नाही. तिथून तो फडात गेला, मध्यरात्रीपर्यंत भरला आणि दोन वाजता वळणावर आला. तळावर सावलीची शेड नाही, नळ एकच. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला पाहिजे, नाहीतर वजन आणि उतारा दोन्ही जातात, हे आम्ही याच पानांतून दरवर्षी लिहितो. ड्रायव्हर किती तास जागा आहे, हे कधी लिहिले नाही.

वेळ घालून टोकन द्यावे, तळावर झोपायला शेड बांधावी आणि क्लीनर ठेवणाऱ्या गाडीला टनामागे भत्ता द्यावा, असे तीन विषय येत्या सभेपुढे ठेवावेत अशी आम्ही विनंती केली आहे. पहिल्याला खर्च नाही. दुसऱ्याला थोडा आहे. तिसरा वाहतूक खर्चात धरला जाईल, म्हणजे आपल्याच उसाच्या बिलातून कापला जाईल, हे आम्ही लपवीत नाही.

तो चोवीस वर्षांचा ड्रायव्हर गेल्या आठवड्यात काठी टेकत ऑफिसात आला होता. यंदाचे करार सुरू झाले का, असे विचारीत होता. डॉक्टरांनी परवानगी दिली की गाडीवर बसणार. या वेळी चुलतभाऊ शेजारी असेल. भावाला पगार कोण देणार, असे आम्ही विचारले.

"माझ्यातलाच निम्मा," तो म्हणाला.