माळ्यावरचा शेर भंगारात देऊ नका!

गावाकडचं घर आवरताना माळ्यावर लोखंडी मापांचा जुना संच सापडला. पुतण्या म्हणाला, "काका, पेन ठेवायला मस्त!" म्हटलं, थांब जरा.

ही धान्य मोजायची मापं. आमच्या भागातला हिशेब असा: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. पुढे सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. कोकणात मण बारा पायल्यांचा. म्हणजे सोयरीक जुळवताना 'किती खंडी पिकतं' विचारणाऱ्याने गावही विचारायला हवं!

ही मापं वजनाची नाहीत, आकारमानाची. म्हणून पायलीभर ज्वारी आणि पायलीभर साळ यांचं वजन वेगळं भरतं. माप काठोकाठ की शीग लावून, यावरून तर खळ्यावर भांडणं व्हायची. रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे. माझी आजी घरात तांदूळ मोजतानाही तसंच म्हणायची.

1956 च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि पायली हळूहळू बाजारातून उठली. घरातून मात्र नाही.

संच एकाच मापाचा आहे का, हे बघायचंय? मापटं दोनदा सपाट भरून शेरात ओता, बरोबर भरला पाहिजे.

लोखंडी मापाला गोडेतेलाचा हात पुरतो. पितळी असेल तर काठावरचा शिक्का घासू नका, खरी ओळख तीच.

तुमच्याकडे कोणती मापं आहेत? फोटो टाका, काही विचारायचं असेल तर विचारा.