काटा कधी चढतो? त्यावरून ओळखा इंजिनाचा बिघाड

पुणतांबा : शिर्डीच्या कोंडीत गाडीचा टेंपरेचर काटा चढतो, समृद्धी महामार्गावर वेग घेतला की उतरतो? मग पहिला संशय रेडिएटरच्या पंख्यावर. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो. उभ्या गाडीची सगळी मदार पंख्यावर. एसी लावून तो फिरतो का पाहावे. नसेल तर फ्यूज, रिले, मोटर तपासून घ्यावी.

उलट वेगातच काटा चढत असेल, तर कूलंट कमी, वॉटर पंप कमजोर किंवा रेडिएटर आतून चोंदलेला. बोअरचे जड पाणी ओतत राहिले की आत क्षार धरतात. हे आपल्याकडे सर्रास चालते.

थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांना उघडू लागतो. बंद अडकला तर इंजिन तापते. उघडाच राहिला तर थंड राहते आणि इंधन जास्त पिते. गाडी बंद पडत नाही, म्हणून हा बिघाड महिनोन्‌महिने कळत नाही.

बाहेर गळती नसताना कूलंट घटते, ऑइल दुधाळ दिसते? हेड गॅस्केट गेले असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी टो करूनच न्यावी.

काटा लाल पट्टीत गेला तर कडेला थांबून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र गार झाल्याशिवाय उघडू नये. दाबाखालचे उकळते कूलंट थेट तोंडावर उडते.