भिंगऱ्यांच्या घराचें दार

घराला दार असतें तें दोन कामांसाठीं : घरच्यांनीं आंत यावें, आणि परक्यांनीं येऊं नये. आपण हें दुसरें काम कडी-कुलपावर सोंपवितों. परंतु ज्या घराचा धनी पक्षी आहे, त्याला कडी लावतां येत नाहीं व कुलूपही घालतां येत नाहीं. तेथें सारी भिस्त दाराच्या आकारावर आणि मापावर असते. उत्तर अमेरिकेंत एका पक्ष्यासाठीं अशा दारांचा इतका बारकाईनें विचार झाला आहे कीं, त्याचें एक लहानसें शास्त्रच बनलें आहे. त्याची ओळख आमच्या बालवाचकांस व त्यांच्या वडील मंडळीस करून द्यावी, असें आम्हांस वाटतें.

हा पक्षी म्हणजे पर्पल मार्टिन, अर्थात् जांभळी भिंगरी. हिवाळ्यांत आपल्याकडे तारांवर ओळीनें बसणाऱ्या माळभिंगरीच्याच कुळांतील ती आहे. उत्तर अमेरिकेंतील भिंगऱ्यांत ती सर्वांत मोठी. लांबी सुमारें ८ इंच, वजन सुमारें ५० ग्रॅम. नर काळसर जांभळा व चकचकीत, मादीचें पोट करडें. हिवाळा ती दक्षिण अमेरिकेंत, मुख्यतः ब्राझीलमध्यें, घालविते आणि वसंतांत उत्तरेकडे परतते. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत कांहीं पक्ष्यांच्या पाठीवर इवलेसें यंत्र बांधून त्यांचा मार्ग काढण्यांत आला. त्यांतील एका मादीनें आमेझॉनच्या खोऱ्यापासून पेनसिल्व्हानियापर्यंतचें सुमारें ७,५०० किलोमीटर अंतर अवघ्या १३ दिवसांत तोडलें होतें.

एवढा प्रवास करून येणाऱ्या या पाहुणीस स्वतःचें घर मात्र कोरतां येत नाहीं. तिची चोंच उडते किडे टिपण्याजोगी. लांकूड पोखरण्याचें बळ तींत नाहीं. पश्चिमेकडील वाळवंटांत ती साग्वारो नांवाच्या प्रचंड निवडुंगांत सुतारपक्ष्यांनीं केलेल्या ढोलींत राहते. पूर्व भागांत तर ती आतां जवळजवळ सर्वस्वी माणसानें टांगलेल्या घरांवरच अवलंबून आहे. ही संवय फार जुनी. गोरे लोक त्या देशांत पसरण्यापूर्वींच तेथील मूळ रहिवासी वाळलेले भोपळे पोखरून, त्यांना भोंक पाडून, झाडांच्या तोडलेल्या फांद्यांना टांगीत असत. चोक्टॉ व चिकसॉ या जमातींची ही चाल अलेक्झांडर विल्सन या पक्षिशास्त्रज्ञानें १९ व्या शतकाच्या आरंभीं नमूद करून ठेविली आहे. आपल्याकडे विहिरींत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या कमरेला जो भोपळा बांधतात, त्याच जातीचा हा भोपळा. आज प्लास्टिकचे भोपळे व अनेक खोल्यांचीं धातूचीं घरेंही मिळतात. खांबावर एकेका घरांत कित्येक जोडपीं शेजारीं-शेजारीं नांदतात.

आतां परक्यांकडे वळूं. युरोपांतील आठवणींचा सहवास नव्या देशांतही असावा, या हौसेनें कांहीं मंडळींनीं तेथें परदेशी पक्षी नेऊन सोडले. इ. स. १८५० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्यें चिमणी आली. हो, हीच आपली घरची चिमणी! पुढें १८९० सालीं युजीन शिफलिन या गृहस्थानें न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें सुमारें ६० स्टार्लिंग सोडले व दुसऱ्या वर्षीं आणखी ४० सोडले. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीचा व भोरडीचा भाऊबंद. पन्नास-साठ वर्षांत तो त्या खंडाच्या दुसऱ्या किनाऱ्यास जाऊन पोंचला. तोही ढोलींतच राहणारा, आणि अंगानें भिंगरीहून भारी : वजन सुमारें ८० ग्रॅम. भिंगरी ब्राझीलहून येईपर्यंत तो घर बळकावून बसतो. उशिरा आला तरी अंडीं फोडतो, पिलें बाहेर फेंकतो. प्रसंगीं मोठ्या भिंगरीसही आंत कोंडून चोंचीनें ठार करतो. चिमणी लहान असली तरी अंडीं फोडण्यांत तीही मागें नाहीं. यांत त्या पक्ष्यांचा दोष तो काय? त्यांना तेथें नेणारा माणूस होता.

जुन्या घरांचें दार गोल असे. त्याचा व्यास साधारण २ इंच १ सूत. (सुतारकामाच्या वर्गांतील मुलांना ठाऊकच आहे कीं, ८ सुतांचा एक इंच होतो.) या भोंकांतून भिंगरी सुखानें जाते, पण स्टार्लिंगही तितक्याच सुखानें जातो. भोंक गोल ठेवून नुसतें लहान करीत गेलें, तर त्याच्याबरोबर भिंगरीलाही अडचण होते. मग युक्ति कोणती?

ती युक्ति दोघांच्या अंगलटींत लपलेली होती. भिंगरीचे पाय अगदीं आंखूड, छाती चपटी व खांदे रुंद. ती जमिनीशीं पोट टेंकून सरपटत आंत जाऊं शकते. स्टार्लिंग चालणारा पक्षी. त्याचे पाय लांब व छाती खोल. त्याला तितकें खालीं दबतां येत नाहीं. तेव्हां दार रुंद पण बुटकें केलें, तर एक जाईल व दुसरा अडेल. १९८० नंतरच्या दशकांत कॅनडांतील न्यू ब्रन्सविक प्रांतांतील चार्ल्स मॅक्युएन यांनीं या विचारानें अर्धचंद्राच्या आकाराचें दार सुचविलें : खालची कड सरळ, वरची कमानीसारखी, रुंदी ३ इंच व उंची १ इंच दीड सूत. पुढें इतरांनीं लंबगोल, चौकोनी, वरून सपाट असे नाना आकार काढले, पण उंचीचें तें माप जवळजवळ तसेंच राहिलें.

या दीड सुताचें महत्त्व किती, तें पाहण्यासारखें आहे. उंची दोन सूत, म्हणजे पुरी सव्वा इंच, झाली कीं कांहीं स्टार्लिंग आंत शिरूं लागतात. तीच एक सूत केली, तर कांहीं भिंगऱ्याच बाहेर राहतात. दोन्हींकडे अंतर केवळ अर्ध्या सुताचें! कानस जरा जास्त फिरली, रंगाचा थर जाड बसला, किंवा लांकूड पावसानें फुगलें, तरी माप बिघडतें. म्हणून जाणते लोक दार बसविण्यापूर्वीं मोजतात व बसविल्यावर पुन्हां मोजतात.

पण माप बरोबर असूनही दार फसूं शकतें. दारापुढें जो छोटा सज्जा असतो, त्याच्या पृष्ठभागाशीं दाराची खालची कड भिडलेली असावी. फार तर अर्धा इंच वर चालेल. कड याहून उंच असेल, तर स्टार्लिंगला सज्ज्यावर उभें राहून अंग आडवें करावयास जागा मिळते व तो वळवळत आंत जातो. सज्जा दाराशीं समपातळीवर असला कीं त्याचे लांब पाय त्याच्याच आड येतात. कित्येक लोक दाराचा आकार निवडण्यांत आठवडे घालवितात आणि सज्ज्याकडे पाहातही नाहींत, याचें आम्हांस नवल वाटतें.

या दारांस एक मोठा धोकाही आहे, व तो सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. घाईंत बाहेर पडतांना, किंवा दारांतच दोन भिंगऱ्यांची झटापट झाली असतां, एखादीचा पंख अर्धवट उघडा राहून बुटक्या दारांत अडकतो. वेळीं कोणीं सोडविलें नाहीं तर ती तेथेंच मरते. म्हणून नंतरच्या कांहीं आकारांत दाराच्या दोन्हीं बाजूंस बाहेरून लहान ठोकळे बसवितात, म्हणजे पंख फाकण्यापूर्वीं अंग मोकळें होतें. ज्याला रोज खांबाखालीं जाऊन वर पाहण्यास फुरसत नाहीं, त्यानें असें दार न लावलेलें बरें.

शिवाय, भिंगरी जुन्या दाराची सोबतीण. वर्षानुवर्षें गोल भोंकांत राहिलेल्या वसाहतीचीं सर्व दारें एका रात्रींत बदललीं, तर ती सज्ज्यावर येते, डोकावते, गोंधळते व कदाचित् दुसरीकडे निघून जाते. याकरितां घरटीं बांधण्यास आरंभ झाल्यावर, जेव्हां तिचा जीव त्या जागेंत गुंतलेला असतो, तेव्हां थोडींशींच दारें प्रथम बदलावीं, आणि ती आंत जाऊं लागली हें डोळ्यांनीं पाहून मग बाकीचीं बदलावीं. कोणी अगदींच आंत जाईना, तर त्या खोलीस पूर्वींचें दार परत द्यावें.

चिमणीचें काय? तिच्यापुढें या साऱ्या कारागिरीचा इलाज चालत नाहीं. ज्या दारांतून भिंगरी जाते त्यांतून चिमणी जाणारच. तेथें उपाय एकच : घर दोरी व कप्पीनें खालीं उतरवितां यावें, खोल्या वरचेवर तपासाव्या, आणि चिमणीचें गवत दिसलें कीं काढून टाकावें. १९१८ च्या कायद्यानें त्या देशांतील मूळच्या पक्ष्यांच्या घरट्यांस संरक्षण आहे. चिमणी व स्टार्लिंग हे बाहेरचे असल्यामुळें त्यांना तें नाहीं.

खोलीही कंजूषपणानें करूं नये. सहा इंच लांब-रुंद खोलींत घुबडाचा पंजा बाहेरून पिलांपर्यंत पोंचतो. तीच १२ इंच खोल केली तर घरटें मागें राहतें. खांब १२ ते १५ फूट उंच असावा व जवळपास उंच झाडें नसावींत. ही भिंगरी रोज हजारों डास खाते, असें घरें विकणारे पूर्वीं सांगत, तें मात्र खरें नाहीं. ती दिवसा उंच आकाशांत चतुर, भुंगे व माशा टिपते. डास संध्याकाळीं खालीं फिरतात.

आपल्या देशांत हाच प्रश्न उलट बाजूनें येतो. जी चिमणी तेथें नकोशी, तिच्यासाठींच आपण पेट्या टांगतों. २०१० पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी चिमणीची पेटी करणार असेल, तर गोल भोंक सव्वा इंचाचें ठेवावें. चिमणीस तें पुरतें, व साळुंकीस त्यांत शिरतां येत नाहीं. भोंकाखालीं बसावयास काडी मात्र लावूं नये. चिमणीला तिची गरज नसते, आणि कावळ्याला ती फार सोयीची पडते.