शेकाचे पदर

फिजिओथेरपी विभागाच्या कोपऱ्यात स्टीलची एक टाकी असते, हायड्रोकोलेटर. आत ७० ते ७५ अंश सेल्सिअसचं पाणी आणि त्यात बुडालेले हॉट पॅक. पॅक म्हणजे जाड कॅनव्हासची पिशवी. तिला टिपा मारून कप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक कप्प्यात बेंटोनाइट माती भरलेली असते. ही माती पाणी पिऊन फुगते, उष्णता बराच वेळ धरून ठेवते. कप्पे नसते तर सगळी माती एका टोकाला गोळा झाली असती.

आईला कंबरेच्या शेकासाठी नेत असे तेव्हा माझं लक्ष थेरपिस्टच्या हातांकडेच लागलेलं असे. चिमट्याने पॅक उचलायचा, टाकीवरच धरून निथळू द्यायचा, मग टर्किश टॉवेलात गुंडाळायचा. अंगाच्या बाजूला किती पदर आले ते ती बोटांनी चाचपून मोजायची. सहा, कधी आठ. टॉवेल जुना, चपटा झालेला असला तर एक घडी जास्त.

शेकाची सगळी मदार या घड्यांवर असते. टर्किशच्या बारीक लूपमध्ये हवा अडकते आणि ती हवाच उष्णता सावकाश पुढे सोडते. पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे टॉवेल भिजला की पदर तेवढेच राहूनही चटका बसतो. म्हणून पुढच्या पेशंटला कोरडा टॉवेल.

“आजी, पालथं व्हा. पॅकवर झोपायचं नाही. आणि सोसवेल इतकंच हं, चटका लागला तर लगेच सांगा.” अंगाचं वजन पॅकवर पडलं की घड्यांतली हवा दाबून निघून जाते, पाणी वर येतं. पाच मिनिटांनी ती कोपरा उचलून कातडी बघायची. सारखी गुलाबी असेल तर ठीक; लाल-पांढरे चट्टे दिसले की पॅक काढायचा. एरवी वीसेक मिनिटं.

मधुमेह असलेल्यांची तपासणी मला फार मोलाची वाटते. डोळे मिटायला सांगून गरम आणि गार पाण्याच्या परीक्षानळ्या आळीपाळीने अंगाला लावतात. संवेदना गेलेल्या पायाला भाजतंय हे कळतच नाही, अशा पायाला शेक द्यायचाच नाही.

थंड पॅकचं उलट. जाड कोरडा टॉवेल गारवा पोचूच देत नाही, म्हणून पातळ सुती फडकं ओलं करून, घट्ट पिळून गुंडाळतात. पण फडकं हवंच. वितळणारा बर्फ शून्य अंशावर राहतो. फ्रीझरमधून काढलेला जेलपॅक त्याच्याही बराच खाली असतो.

घरी मायक्रोवेव्हमध्ये तापवायची ज्वारीची शेकपिशवी शिवायची तर आतली पिशवी मांजरपाटाची. कापड आधी धुवावं, खळ जाते आणि आटायचं ते आटतं. दोराही सुतीच, पॉलिस्टर वितळतं. जुन्या साडीच्या काठाचा मोह टाळावा. जरीत धातू असेल तर मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात. पिशवी दोन तृतीयांशच भरावी, ठासून भरली तर गुडघ्यावर नीट बसत नाही. वरची खोळ एका बाजूने टर्किशची, दुसऱ्या बाजूने फ्लॅनेलची केली की सोसेल तशी बाजू पालटता येते. खोळ सुटीच हवी. ज्वारी भरलेली पिशवी धुता येत नाही, आणि तेलाने मळून चपटं झालेलं टर्किश हवा धरत नाही.